दूध आणायला निघालेला मोबाइल

घरातले दूध संपले आहे, बाहेर पावसाची पिरपिर आहे आणि चहाची वेळ झाली आहे. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरातल्या अनेक घरांत अशा वेळी कोणी छत्री शोधत बसत नाही. मोबाइलवरचे ॲप उघडायचे, दूध, पाव, अंडी निवडायची आणि नकाशावर आपल्या दाराशी खूण करायची. जवळच्या को-ऑप दुकानातला कर्मचारी पिशवी भरून एका पांढऱ्या, सहा चाकी पेटाऱ्यात ठेवतो, झाकण लावतो आणि पेटारा एकटाच वाटेला लागतो. त्याच्या डोक्यावर एक छोटे निशाण असते आणि वेग माणसाच्या झपझप चालीइतका, तासाला सहा किलोमीटर. तो दाराशी पोहोचला की मोबाइल वाजतो. पडद्यावर बोट टेकवले की कुलूप उघडते. पिशवी काढून घेतली की स्वारी आल्या वाटेने परत.

स्टारशिप टेक्नॉलॉजीज या कंपनीने ही सेवा इथे २०१८ साली सुरू केली. नवलाई कधीच ओसरली आहे. बाहेरगावचे पाहुणे थांबून फोटो काढतात. गावातले लोक त्या यंत्राला बाजूने वाट देऊन पुढे जातात.

मोबाइलमध्ये नवे काय, असे विचारले की अजूनही हँडसेटचीच चर्चा निघते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, पडद्याची घडी होते का, बॅटरी किती वेळ टिकते. हातातल्या यंत्रात गेल्या काही वर्षांत थक्क व्हावे असे फारसे घडलेले नाही. घडले ते हाताबाहेर. मोबाइलच्या हुकमावर रस्त्यावरची, जमिनीखालची आणि बँकेतली कोणती कामे होऊ लागली, यात या दहा-बारा वर्षांची खरी बातमी आहे. ती एका जागी पाहायची तर लंडनपेक्षा तिथून रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर असलेले हे शहर बरे. यशाच्या जोडीला इथे अपयशही पाहायला मिळते, आणि स्टार्टअपच्या जगात अपयशाचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो.

आधी शहराची जडणघडण, कारण पुढची निम्मी गोष्ट तिच्यात आहे. लंडनची गर्दी हलकी करण्यासाठी २३ जानेवारी १९६७ रोजी ब्रिटिश सरकारने बकिंगहॅमशायरमधली सुमारे २२ हजार एकर जमीन नव्या शहरासाठी जाहीर केली. ब्लेचली, वुल्व्हर्टन, स्टोनी स्ट्रॅटफर्ड ही जुनी गावे त्यात सामावली. आज लोकवस्ती तीन लाखांच्या घरात आहे. ‘सिटी’ हा अधिकृत दर्जा मात्र २०२२ साली, राणीच्या राज्यारोहणाच्या प्लॅटिनम महोत्सवात मिळाला. इंग्लंडात या शहराची थट्टा खूप होते. गोलचक्करे अगणित, रस्त्यांना एच आणि व्ही अक्षरांचे क्रमांक, आणि प्रसिद्ध पुतळे कोणाचे, तर काँक्रीटच्या गायींचे. पण नियोजनकारांनी गाड्यांच्या भरधाव रस्त्यांपासून अलग अशी पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी तांबड्या फरसबंद वाटांची एक जाळी आखली. या वाटांना ‘रेडवे’ म्हणतात. लांबी तीनशे किलोमीटरच्या आसपास. मोठा रस्ता आडवा आला की रेडवे बहुधा त्याच्या खालून भुयारी मार्गाने किंवा वरून पुलाने निघून जातो.

स्वतः चालणाऱ्या यंत्राला सर्वांत अवघड जाते ते रस्ता ओलांडणे. फुटपाथवर कुत्रे आडवे आले तर थांबता येते, पण ताशी शंभर किलोमीटरने येणाऱ्या गाडीचा अंदाज चुकला की खेळ खलास. मिल्टन कीन्समध्ये हा प्रश्न १९७० च्या दशकातल्या नगररचनाकारांनी, यंत्रमानवाची कल्पनाही मनात नसताना, सोडवून ठेवला होता. म्हणून हा पेटारा इथे रुजला. ॲमेझॉनने आपला असाच ‘स्काउट’ आणि फेडेक्सने ‘रॉक्सो’ २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गुंडाळला. पैसा, अभियंते, ग्राहक यांपैकी कशाचीही या दोन कंपन्यांना वाण नव्हती. स्टारशिपने मात्र जगभरात मिळून ८० लाखांहून अधिक फेऱ्या पूर्ण केल्या आणि मिल्टन कीन्सनंतर नॉर्थॅम्प्टन, केंब्रिजजवळचे कॅम्बोर्न, लीड्स अशी एकेक जागा जोडत नेली. पुण्याच्या फुटपाथवर हे यंत्र सोडले तर पहिल्याच चहाच्या टपरीशी त्याचा प्रवास थांबेल, आणि दहा मिनिटांत सामान पोहोचवणारी दुचाकी शेजारून निघून जाईल. मुंबईत २०२१ साली सुरू झालेल्या झेप्टोने घरपोच किराण्याचे गणित दुचाकीवरच्या माणसाच्या भरवशावर मांडले, कारण तिथे माणसाचे श्रम स्वस्त आहेत. इंग्लंडात तेच महाग. एकाच ॲपची दोन शहरांतली ही दोन रूपे तंत्रज्ञानापेक्षा मजुरीच्या दराने ठरली आहेत.

या पेटाऱ्याची वंशावळ मराठी वाचकाला अनोळखी नाही. स्टारशिप २०१४ साली स्थापन केली आहती हाइन्ला आणि यानुस फ्रीस यांनी. दोघेही स्काइपच्या जन्मदात्यांपैकी. २००३ साली आलेल्या स्काइपने परदेशातल्या मराठी घरांचा रविवार बदलला होता. त्याआधी दुकानातून कॉलिंग कार्ड आणायचे, मागचा भाग नाण्याने खरवडायचा, लांबलचक नंबर फिरवायचा आणि मिनिटे मोजत बोलायचे. मग आई-वडील पडद्यावर दिसू लागले. ब्रिटनमधल्या स्थलांतरितांची ही गरज ओळखून दुसऱ्या बाजूने सिमकार्डांचाही धंदा उभा राहिला. २००१ साली तिघा श्रीलंकन तमिळ तरुणांनी लेबारा काढली, २००६ मध्ये लायकामोबाइल आली. स्वतःचा एकही मनोरा न उभारता मोठ्या कंपन्यांच्या जाळ्यावर भाड्याने राहायचे आणि दिल्ली, ढाका, कोलंबोला स्वस्तात बोलू द्यायचे, हा त्यांचा व्यवसाय. स्टार्टअप हा शब्द तेव्हा फॅशनमध्ये नव्हता, पण ब्रिटिश मोबाइल व्यवसायातल्या खऱ्या धाडसी उद्योजकांची नावे घ्यायची तर या मंडळींना वगळता येत नाही.

स्काइपच्याच गोतावळ्यातले दुसरे नाव तावेत हिन्रिकस. ते स्काइपचे पहिले कर्मचारी. एस्टोनियातून पगार युरोमध्ये, राहणे लंडनमध्ये. त्यांचे मित्र क्रिस्टो केर्मान यांना पगार पौंडांत, घराचे कर्ज एस्टोनियात. बँकेला दलाली देण्यापेक्षा दोघांनी आपापसांत पैसे फिरवले आणि त्यातून २०११ साली ट्रान्सफरवाइज, म्हणजे आजची वाइज, उभी राहिली. गावी पैसे पाठवणे हे मोबाइलवरचे दोन मिनिटांचे काम झाले ते अशा कंपन्यांमुळे. स्काइप स्वतः मात्र ५ मे २०२५ रोजी बंद पडले. मायक्रोसॉफ्टने ते २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलरना विकत घेतले होते. व्हॉट्सॲपने त्याची जागा घेतली तेव्हाच त्याचे दिवस भरले होते. आज मिल्टन कीन्समधल्या मराठी घरात गप्पा व्हॉट्सॲपवर होतात, पण पैसे वाइजवरून जातात आणि दूध स्टारशिपवरून येते. स्काइप गेले, त्याची माणसे आणि त्यांनी कमावलेला पैसा नव्या धंद्यांत राहिला.

आता हातातल्या यंत्राकडे. या बाबतीत मिल्टन कीन्सच्या नावावर एक मजेदार नोंद आहे. गिटारवादकांच्या मागे भिंतीसारखे रचलेले काळे ॲम्प्लिफायर बनवणारी मार्शल ही कंपनी ब्लेचलीची. २०१५ साली मार्शलच्या नावाने ‘लंडन’ नावाचा स्मार्टफोन बाजारात आला. तो तयार करवून घेतला होता मार्शलचे हेडफोन विकणाऱ्या झाउंड इंडस्ट्रीज या स्वीडिश कंपनीने. दोघांना एकाच वेळी गाणे ऐकता यावे म्हणून हेडफोनच्या दोन खाचा, आवाज कमी-जास्त करायला बाजूला पितळी रंगाचे चाक, किंमत ३९९ पौंड. दिसायला देखणा होता. त्याच किमतीत याहून पुष्कळ वेगवान फोन मिळत होते, हे मात्र ग्राहकांच्या चटकन ध्यानात आले. त्याचा पुढचा अवतार आलाच नाही. झाउंडचे मात्र बरे चालले. २०२३ मध्ये तिने मार्शल ॲम्प्लिफिकेशनच ताब्यात घेतली.

ब्रिटनमधल्या हँडसेट स्टार्टअपची यादी म्हणजे जवळजवळ मृत्युलेखांची वही आहे. वाइलीफॉक्स २०१५ मध्ये स्वस्त आणि मोकळ्याढाकळ्या अँड्रॉइड फोनची घोषणा करत आली आणि २०१८ च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. रेडिंगच्या बुलिटने धक्का-पाण्याला दाद न देणारे कॅट फोन वर्षानुवर्षे विकले. मग २०२३ मध्ये तिने थेट उपग्रहावरून संदेश पाठवणारा फोन आणला. कल्पना काळाच्या पुढची म्हणावी, तर ॲपलने आयफोन १४ मध्ये उपग्रहावरून मदत मागण्याची सोय २०२२ च्या डिसेंबरातच ब्रिटनमध्ये सुरू केली होती. वर्षभरात बुलिट कोसळली. पाठोपाठ व्होडाफोनने २०२५ च्या जानेवारीत वेल्समधल्या एका डोंगरावरून, साध्या फोनवरून, उपग्रहामार्फत व्हिडिओ कॉल करून दाखवला. त्यासाठीचे उपग्रह एएसटी स्पेसमोबाइल या अमेरिकी कंपनीचे. म्हणजे बुलिट ज्या दिशेने धावली ती दिशा बरोबर होती. पण फोन हा असा धंदा आहे की त्यात दिशा बरोबर असून भागत नाही. सुटे भाग लाखांनी विकत घेण्याची ऐपत लागते.

अपवाद एकच ठळक, लंडनची नथिंग. कार्ल पे यांनी २०२० मध्ये ती काढली, पारदर्शक पाठ असलेला पहिला फोन २०२२ च्या जुलैत आला. ती टिकली याचे श्रेय लंडनइतकेच भारताला द्यावे लागते. तिचा मोठा ग्राहक भारतात, जुळणी भारतात, आणि सीएमएफ या तिच्या स्वस्त फोनांच्या उपकंपनीचे मुख्यालयही भारतात हलवण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला.

सॉफ्टवेअरची कथा यापेक्षा सुखाची आहे. पुढचा शब्द ओळखणारा स्विफ्टकी हा कळफलक २००८ साली दोघा केंब्रिजच्या पदवीधरांनी सुरू केला आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यासाठी सुमारे २५ कोटी डॉलर मोजले. मराठीचाही त्यात समावेश झाला. मराठी टंकलेखनाचे मूळ दुखणे मात्र पवईत अधिक नीट ओळखले गेले. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रातल्या चमूने २०१३ मध्ये आणलेल्या ‘स्वरचक्र’मध्ये व्यंजनावर बोट ठेवले की त्याची बाराखडी गोल चक्रासारखी उमलते. इंग्रजी कळफलकावर देवनागरी कोंबण्यापेक्षा हा विचार केव्हाही सरस. बाजारात मात्र सरशी झाली ती गूगलच्या कळफलकाची, कारण तो फोनबरोबरच येतो.

मिल्टन कीन्समध्ये जो सर्वांत मोठा मोबाइल प्रयोग घडला तो कोणाला दिसलाही नाही. २०१४ साली ओपन युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने ‘एमके:स्मार्ट’ हा एक कोटी ६० लाख पौंडांचा उपक्रम सुरू झाला. मुक्त विद्यापीठांची ही आद्य संस्था १९६९ सालची, तिचे मुख्यालय याच शहरात वॉल्टन हॉलला आहे. शहर झपाट्याने वाढते, पाणी-वीज-रस्ते त्या मानाने वाढवता येत नाहीत. मग शहराची आकडेवारी एकत्र करून आहे त्यात भागवता येईल का, हा प्रश्न. त्याच सुमारास नगरपालिका, टेलिफोन कंपनी बीटी, ओपन युनिव्हर्सिटी आणि केंब्रिजची न्यूल नावाची छोटी स्टार्टअप यांनी शहरभर एक वेगळेच बिनतारी जाळे टाकून पाहिले. कचऱ्याचा डबा भरला का, पार्किंगची जागा रिकामी आहे का, एवढेच सांगणारी छोटी यंत्रे त्यावर बोलत. अशा यंत्राला व्हिडिओ पाहायचा नसतो. दिवसातून चार-दोन अक्षरे पाठवायची असतात, पण एका बॅटरीवर वर्षानुवर्षे आणि तळघराच्या भिंतीतूनही. नेहमीचा मोबाइल संदेश या कामाला फार खर्चिक आणि फार खादाड.

पुढचा घटनाक्रम कादंबरीत घातला तर अतिशयोक्त वाटेल. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये चीनच्या ह्वावेने न्यूल अडीच कोटी डॉलरना विकत घेतली. न्यूलच्या कामाची छाप ज्यावर आहे ते ‘नॅरोबँड आयओटी’ हे मानक २०१६ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय मोबाइल संघटनेने मंजूर केले. आज जगात कोट्यवधी पाण्याची, गॅसची, विजेची मीटरे या मानकाने बोलतात, सर्वाधिक चीनमध्ये. आणि २०२० च्या जुलैत ब्रिटिश सरकारने ह्वावेची सामग्री २०२७ अखेरपर्यंत देशाच्या ५जी जाळ्यातून काढून टाकण्याचा आदेश दिला. केंब्रिजच्या डोक्यात उगवलेली, मिल्टन कीन्सच्या कचरापेट्यांवर तपासलेली गोष्ट अडीच कोटी डॉलरमध्ये देशाबाहेर गेली. तिची पुढची किंमत पाहता ही रक्कम किरकोळ. शेजारच्या केंब्रिजमध्येच १९९० साली १२ अभियंत्यांनी सुरू केलेली आर्म घ्या. जगातल्या जवळजवळ प्रत्येक मोबाइलच्या चिपची मांडणी तिची, आणि २०१६ मध्ये ती जपानच्या सॉफ्टबँकेने घेतली. ब्रिटनला कल्पनेची कमतरता कधी नव्हती. कल्पना मोठी होईपर्यंत सांभाळणारा धीराचा पैसा नव्हता, ही तक्रार तिथले उद्योजक दर काही वर्षांनी नव्याने करतात, आणि तीत तथ्य आहे.

बिनचालकाच्या गाड्यांनी या शहराचे नाव सर्वांत जास्त वेळा वर्तमानपत्रात आणले आणि सर्वांत कमी काही मागे ठेवले. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘लुट्झ पाथफाइंडर’ ही दोन आसनी डबी रेल्वे स्टेशनच्या परिसरातल्या पादचारी मार्गांवर स्वतःहून धावली. ब्रिटनमध्ये लोकांच्या वर्दळीत अशी गाडी चालण्याची ती पहिली वेळ. तिचा मेंदू ऑक्सफर्डच्या ऑक्सबॉटिका या विद्यापीठातून निघालेल्या कंपनीचा होता. स्टेशनवर उतरायचे, मोबाइलवरून डबी बोलवायची आणि कचेरीत पोहोचायचे, असे स्वप्न दाखवले गेले. फोटो झाले, भाषणे झाली, अहवाल निघाले. डब्या काही नेहमीच्या झाल्या नाहीत. स्टेशनपासून कचेऱ्यांपर्यंतचे अंतर लोक चालत जातात, आणि ज्या कामाला माणसाचे पाय पुरतात त्यासाठी लाखो पौंडांचे यंत्र कोण पोसणार?

याच्या उलट्या टोकाची कल्पना २०२२ मध्ये इंपीरियम ड्राइव्ह या स्टार्टअपने ‘फेच’ नावाने मिल्टन कीन्समध्ये आणून पाहिली. गाडीला बुद्धिमान करण्याच्या भानगडीत पडायचे नाही. ग्राहकाने ॲपवर गाडी मागवायची. दूर खोलीत चाक धरून बसलेला चालक कॅमेऱ्यांची दृश्ये मोबाइल नेटवर्कवरून पाहत ती रिकामी गाडी त्याच्या दाराशी आणून सोडणार. तिथून ग्राहकाने स्वतः चालवायची. काम झाले की दूरचा चालक ती परत नेणार. चाचणीच्या काळात गाडीत सुरक्षेसाठी एक माणूस बसे. कल्पना हुशार होती, कारण तिने सर्वांत कठीण प्रश्नाला वळसा घातला. पण मग दुसरा कठीण प्रश्न समोर आला. नेटवर्क क्षणभर अडखळले तर? चित्र अर्ध्या सेकंदाने उशिरा आले तर? आणि तो चालक परदेशात बसून गाडी हाकू लागला, अपघात झाला, तर पोलीस कोणाला धरणार? इंग्लंडच्या विधी आयोगाने २०२३ च्या फेब्रुवारीत नेमक्या याच मुद्द्यांवर सल्ला दिला. दूरनियंत्रित गाडी नजरेच्या टप्प्याबाहेरून चालवायला खास परवानगीवाचून बंदी असावी, आणि परदेशातून चालवणे तर मुळीच नको. बर्लिनच्या व्हे या कंपनीने असाच धंदा २०२४ च्या जानेवारीत सुरू केला तो अमेरिकेत, लास व्हेगासला.

भाड्याच्या ई-स्कूटरला कायद्याने निराळीच वागणूक दिली. २०२० च्या उन्हाळ्यात कोरोनामुळे बस-रेल्वेची गर्दी नको म्हणून सरकारने घाईने चाचणीला परवानगी दिली आणि मिल्टन कीन्स पहिल्या शहरांपैकी एक ठरले. मोबाइलने कुलूप उघडायचे, वाहनचालक परवान्याचा फोटो दाखवायचा, निघायचे. स्वतःच्या पैशाने घेतलेली स्कूटर रस्त्यावर आणणे मात्र बेकायदाच. चाचणीची मुदत पुन्हा पुन्हा वाढत राहिली, कायदा काही झाला नाही. त्याच काळात स्टारशिपने राष्ट्रीय आरोग्य सेवेतल्या कर्मचाऱ्यांचे सामान फुकट पोहोचवले. टाळेबंदीत दाराशी माणूस नको, यंत्र चालेल, अशी वेळ आली आणि पेटाऱ्याची मागणी एकदम वाढली.

या साऱ्याच्या बुडाशी तार आहे. मोबाइलचा संदेश मनोऱ्यापर्यंतच हवेतून जातो. पुढे तो बहुधा जमिनीखालच्या केबलने धावतो. ५जीचे मनोरे जवळजवळ लागतात आणि प्रत्येकाला फायबर हवे. या बाबतीत भविष्याचे शहर म्हणवणाऱ्या मिल्टन कीन्सची बरीच वर्षे फजिती झाली. नियोजनकारांना घरांवर टीव्हीचे अँटेना नको होते, म्हणून सुरुवातीपासून केबल टाकली गेली, ही त्या काळी अभिमानाची गोष्ट. पण १९७० च्या दशकात तांब्याचे भाव चढले होते, तेव्हा शहराच्या काही भागांत टेलिफोनच्या तारा ॲल्युमिनियमच्या टाकल्या. आवाजाला त्या पुरल्या. इंटरनेट आल्यावर त्याच तारांनी रहिवाशांना रडवले. उपाय निघाला २०१७ च्या नोव्हेंबरात. सिटीफायबर आणि व्होडाफोन यांनी घरोघर फायबर नेण्याच्या देशव्यापी योजनेत पहिले शहर म्हणून मिल्टन कीन्स निवडले, चार कोटी पौंडांचा खर्च ठरवला आणि पुढच्या वर्षी खोदकाम सुरू केले. ५० वर्षांपूर्वी वाचवलेल्या तांब्याची ही भरपाई म्हणता येईल.

भारतात हा क्रम उलटा घडला. तार घरात येण्याआधी मोबाइल आला आणि तारेची गरजच अनेकांना भासली नाही. ब्रिटनमध्ये पहिला मोबाइल कॉल १ जानेवारी १९८५ रोजी लागला, भारतात ३१ जुलै १९९५ रोजी. दहा वर्षांचे अंतर ५जीच्या वेळी सुमारे सव्वातीन वर्षांवर आले: ब्रिटनमध्ये मे २०१९, भारतात ऑक्टोबर २०२२. पैशांच्या व्यवहारात तर भारत पुढे निघून गेला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने भाजीवाल्याला जे दिले ते ब्रिटिश ग्राहकाला अजून मिळालेले नाही. तिथे कार्ड टेकवण्याचीच सवय आहे. मोंझो, स्टार्लिंग, रेव्होलुट या नव्या मोबाइल बँकांनी शाखांना फाटा दिला खरा, पण कार्ड ठेवले. मिल्टन कीन्समध्ये सँटँडर बँकेचे ब्रिटिश मुख्यालय आहे, तिथल्या आणि आसपासच्या कचेऱ्यांत भारतीय संगणक अभियंते दिवसभर बँकांची प्रणाली सांभाळतात. घरी आल्यावर त्यांची स्वतःची अडचण निराळीच. भारतातल्या बँकेचा ओटीपी येतो तो भारतीय नंबरवर. तो नंबर जिवंत ठेवायला दर काही महिन्यांनी रिचार्ज करायचा, ते सिम जुन्या फोनमध्ये घालून कपाटात ठेवायचे आणि आयत्या वेळी त्याला रेंज नाही म्हणून धावपळ करायची. २०२३ च्या जानेवारीत राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने ब्रिटनसह दहा देशांतल्या मोबाइल नंबरांवर अनिवासी भारतीयांच्या खात्यांना यूपीआय जोडण्याची मुभा दिली. ई-सिमनेही काम सोपे केले. कपाटातला फोन अजून पुष्कळ घरांत आहे.

ज्यांच्या हातात स्मार्टफोन नाही, किंवा आहे पण जमत नाही, त्यांचे काय, हा प्रश्न मिल्टन कीन्सला २०२१ च्या एप्रिलमध्ये चांगलाच भोवला. नगरपालिकेने तोट्यातल्या, अनुदानावर चालणाऱ्या अनेक बस बंद केल्या आणि त्यांच्या जागी ‘एमके कनेक्ट’ आणली. ठरलेला मार्ग नाही, वेळापत्रक नाही. ॲपवर कुठून कुठे ते सांगायचे, व्हिया या कंपनीचे सॉफ्टवेअर आसपासच्या प्रवाशांना एकाच व्हॅनमध्ये बसवते. कागदावर ही उत्तम सोय. रिकाम्या बस फिरवण्यापेक्षा हाकेला धावून येणारी गाडी बरी, यात वाद नाही. पण रोज सकाळी नऊच्या ठोक्याला येणारी बस म्हाताऱ्या माणसाला जो भरवसा देते, तो ‘आत्ता गाडी उपलब्ध नाही’ असे सांगणारा पडदा देत नाही. फोन करूनही गाडी मागवता येते. तरीही नाराजी व्हायची ती झाली. सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलाकडे आलेल्या मराठी आई-बाबांचेही असेच. त्यांच्या भारतीय फोनवर ॲप उतरत नाही, उतरले तर पैसे भरायला इथले कार्ड नाही, आणि मग सून-मुलगा कामावरून येईपर्यंत घरातच बसून राहावे लागते. नाण्यांवर चालणारी बस निदान कोणालाही चढू देत होती. कंपन्यांच्या सादरीकरणात हा प्रवासी कुठे दिसत नाही.

यापुढच्या तारखा ठरलेल्या आहेत. स्वयंचलित वाहनांचा ब्रिटिश कायदा २०२४ च्या मे महिन्यात मंजूर झाला. त्याची पूर्ण अंमलबजावणी २०२७ च्या उत्तरार्धात व्हायची आहे. तो रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आहे. फुटपाथवरून दूध घेऊन जाणाऱ्या पेटाऱ्यासाठी त्यात स्वतंत्र व्यवस्था नाही. ३जी सेवा ब्रिटिश कंपन्यांनी टप्प्याटप्प्याने बंद करत आणली. तांब्याच्या तारेवरचा जुना टेलिफोन २०२५ अखेर बंद व्हायचा होता. ती मुदत २०२७ च्या जानेवारीवर गेली. याला कारणीभूत कोणतेही नवे तंत्रज्ञान नव्हते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गळ्यात मदतीसाठी दाबायचे एक बटण असते आणि ते त्याच जुन्या तारेवर चालते. ती माणसे कोण, कुठे राहतात आणि त्यांची बटणे नव्या जोडणीवर चालतील का, हे कंपन्यांना आणि नगरपालिकांना आधी शोधून काढावे लागले.